फूल अजून तिथंच आहे

फुलपात्राच्या बाहेरच्या अंगाला शेवंतीची एक पिवळी पाकळी चिकटली होती आणि ती काही केल्या पडत नव्हती. सकाळी देवापुढचं निर्माल्य उचलताना ओल्या बोटाला लागून आली असेल, मग फुलपात्र उचलताना तिथे बसली असेल... वैजयंती लॅपटॉपकडे पाहायची, मग पाकळीकडे, मग पाकळीशेजारी पालथ्या ठेवलेल्या फोनकडे. फोन पालथा का, तर सारखं बघायला नको म्हणून. आणि पालथा ठेवल्यामुळे तो सारखा उलटून बघावा लागत होता. शहाणपण म्हणतात ते हेच. नवरा, दिग्विजय, ऑफिसला जाताना दारात थांबून म्हणाला होता, "फोन काय पळून जात नाही, वैजू. काम कर." तो गेल्यावर तिने काम करायचं म्हणून लॅपटॉप उघडला आणि पाकळीकडे बघत बसली.

आज अमावास्या. आत्ता तिकडे, सांगोल्याच्या पुढे, माळावरच्या बिरोबाच्या देवळात असंच एक फूल देवाच्या छातीला चिकटलेलं असेल. एक नाही, दोन—एक उजव्या अंगाला, एक डाव्या. पाण्यात बुडवून लावलेली. उजवं आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. आणि समोर आप्पा बसलेले असतील, काठी आडवी ठेवून, मांडी घालून, पापणी न लववता... कौल लावला की कुणी उठायचं नसतं. पाणी प्यायलाही नाही. लहानपणी तिला वाटायचं, देवाचं लक्ष आपल्याकडे असतं ते आपण त्याच्याकडे टक लावून बसलोय तोवरच. आपली नजर हलली की तोही दुसऱ्या कामाला लागतो. ते तिला अजूनही वाटतं. चार पगारवाढी घेतलेल्या, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्या, सोलापूरच्या शुक्रवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला हे वाटतं, हे तिने अर्थात कुणाला सांगितलेलं नाही.

प्रश्न साधा होता: आप्पांनी सोलापूरला लेकीकडे येऊन राहावं का?

पहिलं बाळंतपण माहेरी. त्याप्रमाणे सातव्या महिन्यात आप्पा एसटीने आले, धुतलेलं धोतर नेसून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, "न्यायला आलोय."  न्यायचं कुठे? आई गेल्यापासून त्या घरात चूलसुद्धा मनात येईल तेव्हा पेटते. एक खोली, पुढे मेंढरांचा वाडा, दवाखाना लांब. हे आप्पांनाही ठाऊक होतं, पण न्यायला येणं हे बापाचं काम, ते त्यांनी केलं. दिग्विजय पंख्याकडे बघत राहिला. तेव्हा तीच म्हणाली, "आप्पा, तुमीच या की हितं. मेंढरं कुंडलिक बघंल." कुंडलिक म्हणजे चुलत भाऊ, मेंढरांत वाढलेला. आप्पांनी तळहात उलटासुलटा करून पाहिला, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. बापाने लेकीच्या बाळंतपणाला लेकीच्या घरी जाऊन बसायचं, असं आजवर त्यांच्या पाहण्यात नव्हतं. नाही म्हणाले नाहीत. "बिरोबाला इचारून सांगतो," म्हणाले, आणि चहा घेऊन दुपारच्या गाडीने गेले.

काळजी घ्यायला माणसं नव्हती असं नव्हे. बार्शीहून आत्या, म्हणजे तिची सासू बजाबाई, आजसुद्धा पिशवी भरून तयार होत्या. पण तिला माहेर हवं होतं. ते कुणाला समजावून सांगता येत नव्हतं, आणि समजावून सांगावं लागावं याचाच थोडा राग येत होता. मला लहानपणी पाहिलेलं माणूस मला जवळ हवंय, बस्स, इतकंच. ते आलं नाही तर काही अडणार नाही, सगळं नीट होईल, आणि तरीही जन्मभर एक जागा रिकामी राहील.

तिने फोन उलटून पाहिला. काही नाही.

बरं, काम. कामही आज असं आलं होतं की हसावं की रडावं कळेना. कंपनीने जिल्ह्यातल्या रक्तपेढ्यांसाठी एक सोय केली होती: दवाखान्यातल्या माणसाने रक्तगट टाकायचा, आणि प्रोग्रॅमने सगळ्या रक्तपेढ्यांच्या सर्व्हरना विचारून सांगायचं, कुठे किती पिशव्या आहेत. पण कुणीतरी, कुणीतरी म्हणजे तिच्याच टीममधल्या सोडून गेलेल्या एकाने, तो प्रोग्रॅम असा लिहिला होता की तो पहिल्या पेढीला विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभा राहायचा. उत्तर आलं की दुसरीकडे. मग तिसरीकडे. मधली एखादी पेढी गप्प राहिली—सर्व्हर बंद, वीज गेली, काहीही—की हा तिच्या दारात उभाच. पुढच्या पेढीत रक्त आहे का हे तोवर कळायचंच नाही, कारण ठरल्या वेळेपर्यंत ताटकळून नाद सोडल्याशिवाय हा पुढच्या पेढीपर्यंत जायचाच नाही. आणि एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवर कुणीतरी फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलेलं...

हा प्रोग्रॅम मेला माझ्यासारखाच आहे, तिने मनात म्हटलं, आणि पोटातल्याने आतून एक लाथ मारली. हो म्हणतोय की नाही म्हणतोय, ते कळायला मार्ग नाही.

उपाय ठाऊक होता. प्रोग्रॅम लिहायच्या पायथन भाषेत त्याची रीतसर सोय आहे: असिंक म्हणतात. प्रश्न पाठवायचा आणि थांबून न राहता पुढच्या कामाला लागायचं. उत्तर येईल तेव्हा ते आपल्याला हाक मारतं. 'अवेट' असं लिहिलं की त्या ओळीवर वाट पाहायची, पण दुसऱ्यांना अडवून नाही. हे सगळं तिने पूर्वी वाचलेलं, एकदोनदा केलेलंही. सकाळभर बसून तिने जुन्या फंक्शन्सना असिंक केलं, जिथेतिथे अवेट घातलं, आणि मोठ्या ऐटीत चालवून पाहिलं.

तितकाच वेळ लागला. एक क्षणही कमी नाही.

तिने पुन्हा चालवलं—माणूस वजनकाट्यावरून उतरून पुन्हा चढतो तसं. तेवढाच वेळ. शेजारच्या गल्लीतला यंत्रमाग खटखट करत होता, त्याच्या खटखटीत अधूनमधून एक ठोका चुकायचा आणि ती त्या चुकणाऱ्या ठोक्याची वाट बघायला लागायची... कोड तर बरोबर होता. मग तिला दिसलं. अवेट तिने लूपच्या, म्हणजे एकामागून एक पेढी घेणाऱ्या फेऱ्याच्या, आत घातलं होतं. म्हणजे एकेका पेढीला विचारायचं, तिथेच वाट पाहायची, मग पुढच्या पेढीकडे. नाव नवं, सोंग नवं, रांग जुनीच. नव्या भाषेत जुनी सवय लिहून ठेवली होती बाईने.

ती सवय कुठली, हेही तिला ठाऊक होतं.

दहावीचा निकाल लागला ते वर्ष. पुढे शिकायचं तर सोलापूरला, वसतिगृहात. भावकीतल्यांचं म्हणणं, पोरीला कशाला, आता सोयरीक बघा. आप्पा दोन्हीकडून हो-हो म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, देवाला विचारू. त्या दिवशीही अमावास्याच. पुजारी रेवणसिद्ध—तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या—त्याने फुलं लावली, भंडारा उधळला, आणि सगळे बसले. आप्पा, आई, ती. भिंतीला टेकायचं नाही. दगडी फरशी आधी गार लागली, मग लागेनाशी झाली. फुलं हलेनात. तिची नजर उजव्या फुलावर इतकी रुतली की ते फूल मोठं मोठं होत गेलं, देव त्याच्या मागे झाकला गेला, आणि ती मनात म्हणत होती, पड, पड, पड की बाबा... मग पायांना मुंग्या आल्या. मग ऊन दारातून आत येऊन आईच्या मांडीवर पडलं. तिथे डोकं कधी टेकलं ते तिला आजही आठवत नाही. जागी झाली ती आईच्या आवाजाने. "दिला! उजवा दिला देवानं!" आई उभी होती, पदर झटकत होती, चेहरा असा उजळलेला, की देवाकडे बघायचं सोडून ती आईकडेच बघत राहिली.

फूल पडताना मी पाहिलं नाही. हे माझ्या मनाला किती वर्षं लागून राहिलं होतं! इतका वेळ बघत बसले आणि नेमकी तेव्हाच झोपले. पण त्या उजव्या कौलावर ती चालत आली होती, हे खरं. गणितात पहिल्या परीक्षेत नापास झाली तेव्हा, वसतिगृहातल्या पोरी तिच्या 'न्हाय-हाय'ला हसल्या तेव्हा, पहिल्या मुलाखतीत इंग्रजीत तोंडातून शब्दच फुटला नाही तेव्हा—दर वेळी आतून कुणीतरी म्हणायचं, घाबरू नको, तुला उजवा मिळालाय. देवाने हो म्हटलंय म्हटल्यावर गणिताची काय बिशाद.

फोन वाजला. तिने झडप घालून उलटला. पण पडद्यावर 'आत्या'.

"जेवलीस का?" बजाबाईंची सुरुवात नेहमी इथूनच व्हायची.

"बसतेच आहे, आत्या."

"बसतेच हाय म्हंजे न्हाय जेवलीस. बरं, तुझ्या आप्पांचं काय? काय म्हणतोय त्येंचा देव?"

"अजून कळलं नाही."

"न्हाय आले तर मी हाय की. आन् आले तर मी बी येणार हाय, ते आदीच सांगून ठिवते. बाप्या माणसाला काय कळतंय, बाळाला टाळू भरायची कशी." मग आवाज खाली आणून, "पर यावं त्येनी. तुझा जीव तितं हाय, मला दिसतंय की."

 ती म्हणाली, "आत्या, जेवते," आणि फोन ठेवला. सासूने इतकं बरोबर ओळखावं याची तिला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं. मग ती खरंच उठली. कालची कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीत दही घातलं, आणि खिडकीपाशी उभ्याउभ्याच खायला लागली. खाली गल्लीत भाजीवाली ओळखीच्या बाईला ओरडून काहीतरी सांगत होती, "आक्का, त्या कोपऱ्यावरच्या सुनबाईला सांग, मेथी आलीय म्हणून!" आणि आक्का न थांबता, मान हलवून पुढे निघून गेली.

चटणीचा घास तोंडातच राहिला. आई आठवली, बाजारातली.

जनावरांच्या बाजाराला आप्पा मेंढरू विकायला जात तेव्हा आई हटकून बरोबर असायची, आणि तिचं काम वेगळंच असायचं. चहूकडच्या गावांची माणसं तिथे भेटायची. आई प्रत्येकाला गाठून निरोप द्यायची. "आमच्या दादाला सांग, जत्रंला ये." "थोरल्या आक्काला म्हणावं, जत्रंला ये." "मावशीला सांगा..." दहा दिशांना दहा निरोप, तोंडी, सगळे एकाच दुपारी. आणि मग त्यांच्याकडे पाठ फिरवून बांगड्या भरायला जायची. कुणाचं उत्तर येईल, कधी येईल, आधी कुणाचं—याची तिला फिकीरच नसायची. दादाला निरोप आधी दिलेला असायचा आणि होकार मावशीचा आधी यायचा, एसटीच्या कंडक्टरबरोबर, लोकरीच्या व्यापाऱ्याबरोबर, कुणाकुणाबरोबर. आई भाकरी थापताथापता म्हणायची, "मावशी येतीया," आणि पुढची भाकरी घ्यायची. एक धाकटा मामा कधीच उत्तर पाठवायचा नाही. आई त्याच्याही नावाच्या भाकरी करायची. आप्पा म्हणायचे, आगं, त्याचं काय कळलंय का? तर म्हणायची, "न्हाय म्हणलाय का त्यो?"

ती हात न धुताच लॅपटॉपपाशी आली, मग परत जाऊन हात धुतले, मग आली.

लूपमधलं अवेट काढून टाकलं. आधी सगळे निरोप तयार करायचे, कुणासाठीही न थांबता. मग सगळे एकदम सोडायचे. आणि मग एकदाच, सगळ्यांची मिळून वाट पाहायची. ज्याचं येईल त्याचं घ्यायचं. लिहायला फारशा ओळी लागल्या नाहीत. पूर्वीचं तिने भराभर खोडलं, नवं लिहिलं, चालवलं—आणि क्षणात संपलं! इतक्या लवकर? मग दिसलं, उत्तरांच्या जागी पिशव्यांचे आकडे नव्हतेच, काहीतरी भलतंच कंसातलं संगणकी नाव होतं, आणि खाली पायथनची लाल अक्षरातली तक्रार: तुम्ही हे काम तयार केलं खरं, पण याची वाट कुणी कधी पाहिलीच नाही. अगदी याच अर्थाची, इंग्रजीत, कोरडी. निरोप तयार करून तिने तसेच हातात धरून ठेवले होते, सोडलेच नव्हते.

तिला उगाच गलबलून आलं. हे सातव्या महिन्याचं असावं. हल्ली कशानेही डोळे भरतात, परवा एका साबणाच्या जाहिरातीने भरले होते. पण यंत्रालासुद्धा हे कळतं म्हणायचं—ज्याची कुणी वाट पाहिली नाही ते काम पुरं होत नाही. वाट पाहायचीच नाही असं नाही. वाट पाहायची, पण दारात उभं राहून नाही.

राहिलेली ओळ लिहिली. चालवलं.

उत्तरं यायला लागली. पहिलं पंढरपूरचं, मग अकलूजचं, मग सोलापुरातल्या एका पेढीचं, मग आणखी कुठलं, कशाचा कशाला मेळ नाही, लांबचं आधी, जवळचं मागाहून. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच टाळी वाजवून बसली. शेवटी एक पेढी राहिली, गप्प. ठरल्या वेळेनंतर प्रोग्रॅमने तिचा नाद सोडला आणि तिच्यापुढे आपोआप शून्य लिहिलं.

शून्य?

जुन्या प्रोग्रॅममध्येही तसंच होतं. उत्तर नाही म्हणजे शून्य, म्हणजे रक्त नाही. इतके दिवस हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, तिच्याही. एखाद्या पेढीत वीज नसेल, माणूस जागेवर नसेल, आणि इकडे दवाखान्यात कुणी वाचेल—तिथे रक्त नाही—आणि तिथे फोनसुद्धा करणार नाही! तिचे कान तापले. तिने पुण्याला पृथ्वीराजला फोन लावला. तो टीमचा प्रमुख, तिच्याहून लहान, भला माणूस, पण सतत कुठल्यातरी मीटिंगला निघालेला.

"भारी झालंय की वेगात," तो म्हणाला. "मग आज पाठवू या ना?"

"नाही. तो शून्य काढायचाय. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्यापुढे 'उत्तर आलं नाही, फोन करून विचारा' असं यायला हवं, आणि खाली पेढीचा नंबर."

"त्याने स्क्रीन जरा भरल्यासारखा दिसेल गं. आणि व्यवहारात काय फरक आहे? उत्तर नाही म्हणजे नाहीच ना."

"नाही," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे, पृथ्वीराज. अजिबात नव्हे."

 मग तो हसला. "बरं बाई. कर."

केलं. उन्हं भिंतीवरून कपाटावर आली तोवर सगळं नीट बसलं होतं. गप्प पेढीपुढे आता शून्य नव्हतं. तिथे एक मोकळी, प्रामाणिक ओळ होती. वैजयंती पाय स्टुलावर ठेवून ती ओळ बघत राहिली. दिवसात पहिल्यांदाच तिला बसल्या जागी बरं वाटत होतं, काही न होता, नुसतंच. आणि फोन वाजला तेव्हा तो पालथा होता हेही ती विसरली होती.

"हॅलो... वैजे? आयकू येतंय व्हय?" आप्पा फोनवर नेहमी माळ ओलांडून हाक मारावी तसे बोलत.

"येतंय, आप्पा. काय झालं? पडलं?"

"कुटलं पडतंय! सकाळपास्नं दोन्ही बसल्यात चिकटून. रेवणसिद्धानं लई पाणी लावलंय, मी म्हणलं बी त्याला. म्हातारा झालाय आता, हात थरथरतोय."

"मग तुमी अजून देवळातच? काय खाल्लं का न्हाय?"

"देवळात कशाला? मी मेंढरं घिऊन माळाला आलोय की. कवाच. फुलाकडं बगत किती येळ बसायचं? रेवणसिद्ध हाय तितं. पडलं की हाक मारंल."

 सकाळपासून तिने त्यांना बसवून ठेवलं होतं, काठी आडवी टाकून, उपाशी, पापणी न लववता. आणि ते मेंढरांमागे हिंडत होते.

"पर आप्पा, उटायचं नसतंय ना कौल लावल्यावर?"

पलीकडून वारा आला, एका मेंढराची घंटा आली. मग आप्पा म्हणाले, जरा हळू, "तुज्या येळंला बी पडलं न्हवतं."

"काय?"

"फूल. तुजी धाव्वी झाल्यावर लावलं न्हवतं का, तुला सोलापूरला धाडायची का म्हणून? तू निजलीस. ऊन कललं, तरी फूल काय हलंना. मग तुजी आई उटली, पदर झाडला, आन् म्हणली, दिला. उजवा दिला देवानं. रेवणसिद्ध म्हणला, वैनी, फूल तर तितंच हाय. तर म्हणती, तुमाला दिसलं न्हाय, मला दिसलं."

"आन्... आन् तुमी?"

"मी काय!" आप्पा हसले. "मला बी दिसलं मग."

तिच्या पायाखालून काहीतरी सरकलं. इतक्या वर्षांची ती फरशी, तो उजवा कौल, त्यावर उभं केलेलं सगळं—गणित, इंग्रजी, हे घर—आणि खाली फूल पडलेलंच नाही. देव गप्प होता. तो गप्पच होता, आणि आईने गप्प बसलेल्या देवाला विचारलं असेल मनातल्या मनात, न्हाय म्हणलायस का तू? ...आणि त्याने नाही म्हटलं नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि रडताना हसू यायला लागलं, दोन्ही एकदम, कुठलं आधी कुठलं मागून कळेना.

"रडतीस व्हय गं?"

"न्हाय. हसतीया."

"बरं."  मग, जणू दुसरंच काही आठवलं म्हणून, "तुज्या तितं गॅलरीत घोंगडं वाळत घालाय जागा हाय का? जड असतंय ते वल्लं."

"हाय की, आप्पा. दोरी हाय. दुसरी बी बांदू."

"न्हाय, इचारलं आपलं..." आणि मग दूर तोंड करून, "हुर्र! ए! कुटं निगालीस गं तिकडं?" ...हे कुठल्यातरी मेंढीला. मग नुसता वारा, आणि मग तोही नाही. माळावर फोनचं असंच असतं, उताराला लागलं की रेंज जाते.

तिने परत लावला नाही. लावावासा वाटला नाही, याचंच तिला नवल वाटलं. सकाळची मी असते तर इतक्यात दहा वेळा लावला असता, येणार का, नक्की का, कधी... आप्पा हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते. तिकडे फुलं अजून तिथंच होती, ओली, आणि ती संध्याकाळी पडतील, उद्या वाऱ्याने पडतील, उजवं आधी की डावं आधी, देव जाणे. तोवर मेंढरं चरतील, भाकरी होतील. पोटातला कूस बदलत होता. शेजारचा माग तोच एक ठोका चुकवत खटखटत होता, आणि तिला तो आता चुकल्यासारखा वाटत नव्हता, त्याची ती लयच होती. आई किती लबाड होती, तिने मनात म्हटलं, आणि किती धीराची. तिची इतकी आठवण आली की तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

घसा कोरडा पडला होता. फुलपात्र उचललं, सगळं पाणी एका दमात प्यायली, खाली ठेवताना आठवण झाली—पाकळी. बाहेरच्या अंगाला नव्हती. टेबलावर नव्हती, लॅपटॉपवर नव्हती, खाली वाकून बघायची आता सोय नव्हती. कधी पडली? दिवसभर डोळ्यांपुढे होती आणि पडताना काही दिसली नाही, हीही नाही. दिग्विजय यायची वेळ झाली होती. गॅलरीतली दोरी तो घट्ट बांधेल, दुहेरी. ती उठली, कमरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि कपाटाच्या आरशात तिला दिसलं—पाकळी कोपराला चिकटली होती. डाव्या.

ती तिच्याकडे बघत राहिली. डाव्या कोपरावर, पिवळी धमक, चांगली ओली.

मग तिने पाकळी दोन बोटांनी अलगद उचलली, पदर नव्हता म्हणून ओढणीच झटकली, आणि रिकाम्या खोलीत, पोटातल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "दिला. उजवा दिला."